गव्हर्नरसाहेबांचा शब्द

१

संध्याकाळी दरवाजे बंद करायचा ढोल वाजला की मी टोपी काखेत मारायचो आणि गव्हर्नरसाहेबांच्या हवेलीची पायरी चढायचो. क्वेबेकच्या शिबंदीचा मेजर म्हणून ते माझं रोजचं काम. ताप असो, वादळ असो, बायकोशी भांडण झालेलं असो, हे काम चुकलं नाही. साहेब शेकोटीशेजारी खुर्चीत बसलेले असत. मी वाकायचो आणि ते माझ्या कानात त्या रात्रीचा परवलीचा शब्द सांगायचे. शब्द म्हणजे दोन नावं, एक संताचं आणि एक शहराचं. ही नावं लिहून काढायची सोय नाही, कुणाला विचारायची नाही, आणि साहेबांशिवाय दुसऱ्या कुणी ठरवायची तर नाहीच नाही.

तो शब्द घेऊन मी चौकीत यायचो. तिथे हवालदार टोप्या काढून रिंगणात उभे असत. पहिल्याच्या कानात मी सांगायचो, आणि कानोकान फिरत शेवटच्याकडून शब्द माझ्याकडे परत यायचा. जसाच्या तसा आला की हवालदार आपापल्या पहाऱ्यांवर जायचे. त्यानंतर पहाऱ्यापुढे जो येईल त्याने शब्द द्यायचा, नाही तर गोळी खायची. मग तो बिशप असो की मासेविक्या.

आमच्याकडे राजा कधी येत नाही. समुद्रापलीकडे त्याचं राज्य भलं मोठं आहे, आणि इथे येऊन नाक गोठवून घ्यायची त्याला काही गरज नाही. त्याच्या जागी गव्हर्नर. खजिना आणि न्याय दुसऱ्या अंमलदाराकडे; त्याचं आणि साहेबांचं कधी पटलं नाही. पण सैन्य, तह, लढाई, एवढंच काय, शिपायाने लग्न करायचं की नाही, हे सगळं साहेबांच्या तोंडून आल्याशिवाय होत नसे.

हे लग्नाचं मला चांगलंच माहीत, कारण माझा धाकटा भाऊ सिप्रियँ त्याच शिबंदीत शिपाई होता, आणि खालच्या पेठेतल्या भटारखानेवाल्याच्या अंजेलिकवर त्याचा जीव जडला होता. अर्ज करून झाला होता, उत्तर नव्हतं. भेटला की तो मला छळायचा. म्हणायचा, दादा, रोज त्यांच्या कानाला लागतोस, एकदा माझं नाव घाल की त्यांच्या कानात. मी सांगायचो, अरे, कान माझा असतो, तोंड त्यांचं. तो म्हणायचा, मग उपयोग काय तुझा?

फ्रान्सहून निघालो तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता. जहाजावर ताप आला तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. मला मूलबाळ नाही. जे काही होतं ते सिप्रियँ.

२

जानेवारीत साहेब गेले. जेवता जेवता गेले. समोर वाटाण्याचं सूप, हातात चमचा, आणि त्यांचा खिदमतगार बाझिल म्हणतो, मला वाटलं, चवीचा विचार करतायत.

बाझिलने चिटणिसाला बोलावलं, चिटणिसाने मला. चिटणीस रेनोदो म्हणजे बारीक चणीचा, थंड डोक्याचा माणूस. त्याने आधी दार लावलं, मग साहेबांचे डोळे मिटले, मग आम्हाला बसवून समजावलं. आमच्याशी वर्षानुवर्षं लढत आलेल्या इरोकोइ टोळ्यांचे सरदार तहासाठी निघालेले होते. बर्फ तुडवत ते येणार होते ते ओनोंतिओला भेटायला. ओनोंतिओ हे त्यांनी आमच्या गव्हर्नराला दिलेलं नाव. पूर्वीच्या एका गव्हर्नराला दिलं, ते नंतरच्या सगळ्यांना चिकटलं. माणूस बदलला तरी त्यांच्या लेखी ओनोंतिओ तोच. ओनोंतिओ मेला असं वाटेत कानावर गेलं तर ते तिथूनच मागे फिरतील, आणि उन्हाळ्यात कुऱ्हाडी घेऊन येतील. नवा गव्हर्नर मागवायचा तर जहाज हवं, आणि नदीवरचा बर्फ मे महिन्याशिवाय सुटत नाही.

"साहेब आजारी आहेत," रेनोदो म्हणाला. "कुणाला भेटत नाहीत. फक्त तुम्हाला, मेजर, रोजच्यासारखं, शब्दापुरतं."

मी म्हटलं, शब्द कोण देणार?

"तुम्ही आत जायचं, लागतो तेवढा वेळ थांबायचं, बाहेर यायचं आणि मनाला येईल तो सांगायचा. गव्हर्नर म्हणजे तरी काय हो? संध्याकाळी त्या दारातून एक शब्द बाहेर येतो. तो येतोय तोवर गव्हर्नर आहे."

त्यात चूक काय, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. बिंग फुटलं असतं तर तिघंही लटकलो असतो, पण तहाचं बोलणं मोडलं असतं तर किती गावं जळली असती याचाही हिशेब माझ्या डोक्यात होता. मी हो म्हटलं. आम्ही साहेबांना उचलून पलंगावर ठेवलं. बाझिलने शेकोटी विझवली आणि नदीकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. देह टिकायला तेवढं पुरेसं होतं.

३

पहिल्या संध्याकाळी मी आत गेलो, दार लावलं आणि दाराशीच उभा राहिलो. खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. तळघरात भिनलेला असतो तसा. पाण्याच्या जगमध्ये बर्फ झाला होता. पलंगाभोवती हिरवे पडदे ओढलेले. खिडकीतून बर्फाची भुकटी येऊन गालिच्यावर साचली होती. मनात म्हटलं, बार्नाबे, एक संत, एक शहर, आणि चालता हो.

पण सुचेना. कितीतरी वर्षं तो शब्द मला दुसऱ्याकडून मिळालेला. स्वतःच ठरवायचा म्हटलं तर हात दुसऱ्याच्या खिशात घातल्यासारखं वाटायला लागलं. कसंबसं एक नाव जुळवलं. दाराला हात लावला, आणि पाऊल उचलेना. साहेबांना माहीत नसलेला शब्द घेऊन मी बाहेर कसा जाऊ?

हसायचं असेल त्याने हसावं. मी परत फिरलो, पडदा थोडा सारला, रोजच्यासारखा वाकलो आणि त्यांच्या कानात शब्द सांगितला. माझ्या ओठांना त्यांच्या कानाचा गारवा लागला. मग बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं. त्यांना शब्द ठाऊक आहे, मलाही आहे, सगळं रीतसर झालं.

मग रोज तेच केलं. रेनोदोला मी हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतं असं वाटलंच नाही.

४

एका सकाळी हवालदार पोमर्लो वर्दी द्यायला आला तो खुशीत. म्हणाला, साहेबांना बरं वाटतंय हे फार छान झालं.

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"सांगायचं काय? काल फेरीला आले होते की हवेलीच्या फाटकावर. मी कोण म्हणून दरडावलं, त्यांनी शब्द दिला. बरोब्बर दिला. फक्त एक सांगू का, मेजर? त्यांना म्हणावं, टोपी घालत जा. एवढ्या थंडीत बोडक्याने आले."

साहेबांना अचानक फेरी मारायची सवय होतीच, त्यामुळे पोमर्लोला त्यात नवल वाटलं नव्हतं. मी त्याला वाटेला लावलं आणि तडक रेनोदोकडे गेलो. दार लावून म्हटलं, शाबास, बाझिलला साहेबांचा कोट चढवून फिरवताय, पण मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रेनोदोने हातातली लेखणी खाली ठेवली. त्याच्याही कानावर ते आलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, ही माझीच युक्ती. बाझिलला विचारलं तर तो रडायला लागला. गुडघ्यांनी अधू झालेला म्हातारा. जिना उतरायला त्याला भिंत धरावी लागते. तो कसली फेरी मारतोय?

आम्ही तिघं वर गेलो. पडदा सारला. साहेब होते तसेच होते, हात छातीवर, हनुवटीला फडकं. रेनोदोने सुस्कारा सोडला आणि म्हणाला, पोमर्लो प्यायला असेल. मीही तेच म्हटलं. पोमर्लो पितो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

निघताना मला पलंगाखाली साहेबांचे बूट दिसले. आदल्या दिवशी ते तिथे होते की नाही, शपथेवर सांगता येणार नाही. टाचांना बर्फ चिकटला होता. खिडक्या उघड्या होत्या, खोलीभर बर्फ उडत होता, तो बुटांवर बसणारच. बुटांच्या तळाला कसा बसला, एवढंच मला कळेना.

५

त्यानंतर साहेब पेठेच्या दरवाजावर दिसले. मग उतारावरच्या चौकीत. तिथला शिपाई काही पिणारा नव्हता. त्याने मला हळूच विचारलं, साहेब बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ का येत नाही? मी म्हटलं, वैद्याने काहीतरी औषध दिलंय. दर वेळी शब्द बरोबर असायचा, आणि दर वेळी साहेब एक चौकी पुढे गेलेले असायचे.

उताराच्या खाली शेवटची चौकी धक्क्यावर. तिच्यापुढे गोठलेली नदी.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. गव्हर्नर फेरीला निघाला की प्रत्येक चौकीवरचा पहारेकरी कंदील घेऊन त्याला पुढच्या चौकीपर्यंत पोचवतो. जागा मोकळी सोडायची नाही; चौकीतला जोडीदार बाहेर येतो, शब्द देतो, बदली म्हणून पहारा घेतो, मगच पहिला हलतो. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याने मात्र साहेबांना कुठे पोचवायचं? तिथून पुढे चौकीच नाही.

पहिला गेला तो ला तुलिप म्हणून शिपाई. त्याच्या जोडीदाराने सांगितलं, साहेब आले, चला म्हणाले, मी बदली घेतली, ते दोघं बर्फावर उतरले. सकाळी बघितलं तर बर्फावर ला तुलिपच्या पावलांची रांग सरळ नदीच्या मध्यापर्यंत गेलेली. एकट्याच्याच पावलांची. पुढे बर्फ सपाट, कुठे भेग नाही, काही नाही. पळून गेला असं ठरलं. दुसऱ्या आठवड्यात ब्राँ-दामूर नावाचा शिपाई तसाच गेला. तोही पळाला असं ठरलं.

मी कॅप्टनकडे गेलो. पाळ्या तोच लावायचा. दुपारी यादी लागली होती, आणि संध्याकाळी धक्क्यावर सिप्रियँ होता. मी बेधडक खोटं बोललो. म्हटलं, गव्हर्नरसाहेबांचा हुकूम आहे, माझ्या भावाला वरच्या पहाऱ्यावर घ्या.

कॅप्टनने दाढी खाजवली. "गंमत आहे. काल फेरीत त्यांनीच मला सांगितलं, धाकटा गोद्रो, मेजरचा भाऊ, धक्क्यावर हवा. नाव घेऊन सांगितलं. मग मी कुणाचं ऐकू, मेजर? तुमचं की त्यांचं?"

मी त्याला काय सांगणार होतो? साहेब महिनाभरापूर्वी मेलेत म्हणून? त्याने स्वतः त्यांच्याशी बोलून घेतलं होतं.

सिप्रियँला गाठून म्हटलं, आज आजारी पड. पोट धर, काहीही कर. तो हसला. म्हणाला, वेडा झालास का दादा, फेरीत साहेब समोरासमोर भेटतात, अर्जाचं विचारायला याहून चांगली संधी कधी मिळणार? आणि माझी टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेला.

६

माझी चूक मला तोवर कळली होती. त्यांना शब्द मीच देत होतो. रोज वाकून, कानात, आपल्या तोंडाने. मी दिला नसता तर ते हवेलीच्या फाटकाबाहेरही पडले नसते.

त्या संध्याकाळी ठरवून गेलो की आत एक अक्षर बोलायचं नाही. शब्दाचा विचारसुद्धा आत करायचा नाही. चौकीत पोचल्यावर रिंगणात उभं राहून सुचेल तो सांगायचा. फक्त कुणाला संशय येऊ नये म्हणून थोडा वेळ आत थांबायचं.

ढोल वाजला. मी आत गेलो, दार लावलं, पाठ दाराला टेकवून उभा राहिलो. जीभ दातांत धरली होती. बाहेर अजून थोडा उजेड होता, बर्फावरून येणारा निळसर. पडदे हलत नव्हते. खाली अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं, आणि त्या आवाजाचा मला फार आधार वाटत होता. एक घाव, मग दुसरा. मी मनात आकडे मोजू लागलो, म्हणजे दुसरं काही मनात येणार नाही.

लाकडं फोडणारा थांबला.

पडद्याआड पलंग करकरला. थंडीने लाकूड आक्रसतं, मला माहीत आहे. मग कापडावरून कापड सरकल्याचा आवाज आला. खिडकीतून वारा येतो, तेही मला माहीत आहे. मग कुणीतरी थांबलंय असं वाटलं. साहेब थांबायचे तसं, खुर्चीत बसून, मी वाकायची वाट बघत. माझी कमर आपोआप वाकायला लागली. इतक्या वर्षांची सवय. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली आणि वाकलो नाही.

तेव्हा पडद्याआडून शब्द आला. पुटपुटल्यासारखा, हनुवटी बांधलेला माणूस बोलेल तसा. एक संत, एक शहर. दोन्ही नावं साधी, रोजच्या बोलण्यातली.

मी बाहेर कसा आलो ते सांगता येणार नाही. बाझिल जिन्याखाली उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंत धरून वाट दिली.

७

चौकीत रिंगण तयार होतं. मी ठरवलं तेच केलं. पलंगावरून आलेला शब्द नाही दिला, दुसराच दिला, तिथल्या तिथे मनात आलेला. तो कानोकान फिरून नीट परत आला. मग वर आवाज चढवून सांगितलं की आज चुकीच्या शब्दाला माफी नाही. तीनदा विचारा आणि गोळी घाला, समोर कोणीही असो, मी असलो तरी. पोमर्लोने भुवया उंचावल्या, पण मान डोलावली. आणखी एक केलं: धक्क्यावरच्या जोडीदाराला काहीतरी निमित्त काढून वर बोलावून घेतलं. बदली मिळाल्याशिवाय पहारेकरी हलत नाही, आणि सिप्रियँ तर जीव गेला तरी जागा सोडणार नाही. बदली घ्यायला कुणी नसलं म्हणजे झालं.

घरी आलो. बायकोने, मार्गरितने, सूप वाढलं. एक घोट घेतला आणि चमचा ठेवला. ती म्हणाली, अहो, चेहरा बघा आपला, काय झालंय? मी कोट चढवला आणि म्हटलं, सिप्रियँला बघून येतो. जेवणाचीच वेळ होती, पेठेतल्या खिडक्यांत दिवे होते, कुठेतरी पोर रडत होतं. धक्क्यापाशी मात्र काळोख होता आणि बर्फ तेवढा दिसत होता.

"थांब. कोण?"

"मी रे. बार्नाबे."

"शब्द?"

मी दिला. बंदूक खाली आली नाही. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. ती पाहून मला किती हायसं वाटलं.

"दादा," तो म्हणाला, "हा शब्द नाही."

"हाच आहे. मीच दिलाय."

"तो आधीचा. मघाशी साहेब येऊन गेले. वरपासून सगळ्या चौक्यांवर त्यांनी बदलला. म्हणाले, मेजरने चुकीचा सांगितला." त्याचा आवाज आनंदाने कापत होता. "आणि दादा, माझा अर्ज मंजूर केला. स्वतः. मी विचारायच्या आधी. अंजेलिकचं नाव त्यांना पाठ होतं."

मी म्हटलं, "सिप्री, ऐक. साहेब मेलेत. जानेवारीतच मेलेत. मी माझ्या हातांनी उचलून ठेवलंय त्यांना."

"काय बोलतोस दादा. आत्ता इथे उभे होते." त्याने बंदुकीच्या नळीने नदीकडे खूण केली. "ते बघ, थांबलेत. मी म्हटलं, जोडीदार नाही, जागा कशी सोडू? तर म्हणाले, बदली येतेय. शब्द घेऊन येईल त्याला पहारा दे आणि ये."

मी बघितलं. दूर बर्फावर एक कंदील होता. कंदिलापाशी तिघं उभे, गावाकडे पाठ करून. दोघांच्या डोक्यांवर शिपायांच्या टोप्या. मधला बोडका. कुणी पाय आपटत नव्हतं, कुणी हात चोळत नव्हतं. वाट बघणारी माणसं थंडीत अशी उभी राहत नाहीत.

तेव्हा मला सगळं कळलं. बदली मीच होतो. साहेबांनी बदलून दिलेला शब्द पलंगावरून आला तोच; चौक्यांखेरीज तो एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस आपल्या पायांनी चालत इथे आला होता.

"दादा, दुसऱ्यांदा विचारतो. शब्द?"

मी म्हटलं, माझ्याबरोबर घरी चल. तो म्हणाला, पहारा सोडून? मी अंजेलिकची शपथ घातली. तो रडकुंडीला आला. म्हणाला, तूच हुकूम दिलास ना, तीनदा विचारा, मी असलो तरी? तुला शब्द माहीत आहे, दादा, तुझ्या तोंडावर दिसतंय. दे ना रे. कशाला असा छळतोस?

शब्द दिला तर बंदूक खाली येणार, आणि तो कंदिलाकडे चालायला लागणार. मागे फिरलो तर घटकाभरात वरून नेहमीची बदली येणार, नवा शब्द घेऊन. गोळी सुटली तर मात्र अख्खी चौकी धावत येते, आणि गोळी झाडणाऱ्याचे हात धरून त्याला आत नेतात. तिथे कुणी शब्द विचारत नाही, कुणी शब्द देत नाही.

मला भयंकर भीती वाटली. मरणाची वाटली, खोटं कशाला बोलू? मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, कारण तो शब्द जिभेच्या टोकावर आला होता आणि त्याला बाहेर यायचं होतं.

"शब्द?" सिप्रियँ म्हणाला. मग, "दादा, देवासाठी."

मग त्याने डोळे मिटले आणि चाप ओढला. पोरगा नेमबाज होता, पण डोळे मिटले म्हणून गोळी मांडीत गेली. पडल्या पडल्या मी नदीकडे तोंड वळवलं. तिघांपैकी मधल्याने तेवढी मान वळवली. हनुवटीचं फडकं सुटून खाली लोंबत होतं. बाकी काही मी पाहिलं नाही, कारण मी बघितलंच नाही. वरून पळत्या पावलांचे आवाज आले आणि माझी शुद्ध हरपली.

८

पाय कापावा लागला नाही, पण तो कामाचा राहिला नाही. सिप्रियँला कोठडीत टाकलं आणि चौथ्या दिवशी सोडलं, कारण त्याने हुकूमच पाळला होता आणि हुकूम माझाच होता. रेनोदोने गोळीबाराच्या दुसऱ्याच सकाळी साहेबांचं निधन जाहीर केलं. दोन दिवसांत मोठ्या थाटात दफन झालं, शवपेटीला मी सांगितले तेवढे खिळे ठोकले. इरोकोइ सरदार आले, त्यांनी शोक केला, आणि उन्हाळ्यात जहाजातून जो नवा गव्हर्नर उतरला त्याला ओनोंतिओ म्हणून तहाचं बोलणं पुढे चालवलं. रेनोदोची भीती फुकटची होती. नव्या गव्हर्नराने सिप्रियँच्या अर्जावर सही केली. अंजेलिकशी लग्न झालं, तीन मुली झाल्या. केव्हाच सैन्य सोडून त्याने सासऱ्याचा भटारखाना घेतला.

भाऊ म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नाही. माझा पाय त्याच्यामुळे गेला म्हणून तो जन्मभर माझ्या ऋणात राहिला. पण त्या रात्रीबद्दल एकदाच बोलला. भट्टीतून पाव काढत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, दादा, मला अजून कुणी बदली दिली नाही.

मी म्हटलं, वेड्या, पहारा केव्हाच संपला. तो म्हणाला, हो, ते आहेच.

संध्याकाळ झाली की तो बूट चढवून दारात उभा राहतो. हिवाळ्यात, नदी गोठली की जास्त. अंजेलिकला वाटतं, भट्टीपुढे उकडतं म्हणून. त्या वेळी मी त्याच्या घरी गेलो तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो, शांतपणे. ती दोन नावं इतकी साधी आहेत की चर्चमध्ये, बाजारात, कुणीही एकापाठोपाठ एक सहज उच्चारील. त्याच्या कानावर पडतील अशी अजून कुणी उच्चारली नाहीत. त्या संताच्या सणाला मी दरवर्षी काहीतरी दुखण्याचं नाटक करून सिप्रियँला घरी बसवून घेतो. त्या शहराहून आलेल्या खलाशाला मी एकदा काठीने हाकलून लावलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

या हिवाळ्यात मात्र मलाच ताप धरलाय. छातीत पाणी झालंय म्हणतात. दुपारपर्यंत मी शुद्धीत असतो. संध्याकाळी ताप चढतो आणि मी बडबडतो. काय बडबडतो ते मला नंतर आठवत नाही. मार्गरित म्हणते, जहाजाचं काहीबाही, सिप्रियँला मांडीवर घेतल्याचं. अजून तरी तेवढंच. ताप चढायच्या आधी मी तिच्याकडून फडकं मागून घेतो आणि दातांत धरतो. झोपेत ते गळून पडतं.

सिप्रियँ रोज संध्याकाळी येतो. वहिनी, तुम्ही थोडं पडा, मी बसतो, म्हणतो, आणि माझ्या उशापाशी स्टूल ओढून घेतो. मार्गरितचे डोळे भरून येतात. असा दीर कुणाला मिळतो, म्हणते. काल तिने त्याला म्हटलं, भावोजी, सगळी रात्र बसणार, निदान बूट तरी काढा.

"असू द्या, वहिनी," तो म्हणाला. "निघायचंच आहे."